वाई गप्प, कडेगाव शिंकतंय

आश्विन लागला की बाकीच्यांना झेंडू दिसतो, मला गाजर गवत दिसतं. काल सांगलीहून कडेगावला येताना एसटीच्या खिडकीतून बघत होते. रस्त्याच्या कडेला, कॅनॉलच्या भरावावर, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आवारात, जिथे म्हणून माणसाने हात टेकले तिथे ते कमरेएवढं उभं होतं. वर बारीक पांढरी फुलं. लांबून पाहिलं तर कुणीतरी साबुदाणा उधळलाय असं वाटावं. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला आणि आपली काच ओढून घेतली. मी माझी उघडीच ठेवली. दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनात या गवताने मला इतकं रडवलं आणि नंतर इतकं हसवलं, की आता ते दिसलं की कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं होतं.

खरं वैर त्याचं माझ्याशी कधी नव्हतंच. ते होतं आमच्या आप्पांशी. आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. ग्लेशियरवर राहिले, वाळवंटात राहिले, आणि घरी येऊन बांधावरच्या एका गवतापुढे हरले. श्रावण-भादव्यात ते फुलावर आलं की आप्पांचं नाक उठायचं. सकाळी रानात पाय ठेवला की शिंकांना सुरुवात, दुपारी डोळे लाल, संध्याकाळी छातीत शिट्टी. डॉक्टरांची गोळी घेतली की झोप यायची, आणि सुभेदाराने भरदिवसा पेंगायचं म्हणजे आप्पांच्या हिशेबी कोर्टमार्शलच. मग दिवाळीपर्यंत खिडक्या लावून घरात बसायचं. आपल्या उसाला दुसराच कुणी पाणी पाजतोय हे पडद्याच्या फटीतून बघायचं आणि आतूनच ओरडायचं, "आरं, बारं फुटलंय तिकडं, पाणी वाया चाललंय!"

तेही चाललं असतं. पण आमच्याकडे शिंक ही नुसती शिंक नसते. कुणी घराबाहेर पडताना, काही नवं सुरू करताना शिंकलं की काम तिथेच अडतं. एका वर्षी चुलतभावाने नवा ट्रॅक्टर आणला. घरात मोठे आप्पाच, म्हणून नारळ त्यांच्या हातात. त्यांनी हात वर उचलला आणि शिंक आली. एक नाही, लागोपाठ. "आवं आप्पा, थांबा जरा, पाच मिनटं बसू," असं म्हणून सगळे बसले. पाणी झालं, चहा झाला. पुन्हा उठले तेव्हा नारळ दुसऱ्याच्याच हातात होता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. आप्पाही हसले. पण त्यानंतर या हंगामात ते कुणाच्या शुभकार्याला म्हणून गेले नाहीत. बोलावणं आलं की म्हणायचे, "माज्या नाकाचा काय भरवसा न्हाई, तुमी उरकून घ्या." उभी हयात ज्या माणसाने पहिल्या रांगेत काढली, तो आपल्याच गावात मागे सरकला. मला त्याचा राग यायचा. गावाचा नाही, त्या गवताचा.

सांगलीला औषधशास्त्रात संशोधन करायला गेले तेव्हा विषय कोणता घेऊ हा प्रश्नच नव्हता. ज्या परागामुळे शिंका येतात, त्याचाच अर्क अगदी सौम्य करून रोज थोडाथोडा नाकात सोडायचा आणि शरीराला त्याची सवय करायची. अशी सवय सुईने लावतात, ते जुनंच आहे. पण कडेगावचा कुठला शेतकरी वर्षानुवर्षं सुई टोचून घ्यायला शहराच्या वाऱ्या करणार? भांडण ज्या दारातून शिरतं त्याच दारात ते मिटवता आलं तर? आमच्या गाईड मॅडमना हे पटलं. मॅडम वाईच्या. कृष्णेच्या घाटावर लहानपण गेलेलं, बोलणं मोजून मापून, आणि चूक दिसली की नजर अशी की समोरच्याने घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात जावं.

आप्पांना मी हे सगळं समजावून सांगत होते तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं. "पोरी, रंगरुटाला पयल्या दिवशी फ्रंटवर धाडत न्हाईत. आदी मैदानात पालथा पाडून डोक्यावरनं फायरिंगचा आवाज ऐकवायचा. रोज थोडा थोडा. मग खऱ्या गोळीला त्यो बिचकत न्हाई. तुजं नाकाचं तसंच की."

"तसंच आप्पा."

"आन् रंगरूट म्हंजी उंदीर."

"व्हय."

"मग मी कवा?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. पण मी म्हटलं, "तुमचं लय लांब हाय. आदी उंदीर, मग दुसरी जनावरं, मग परवानग्या. मग कुठं माणूस." आप्पांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हंजी मी राखीव फौज." आणि शिंकले.

प्रयोगाला पराग लागतो, आणि तोही स्वच्छ. रस्त्याकडेच्या फुलांत धूळ आणि धूर. मी अडले आहे हे कळताच आप्पा म्हणाले, "माज्या बांधावरचं घे." आता आप्पांच्या बांधावर गाजर गवताची काडी दिसणं म्हणजे सैनिकाची दाढी वाढलेली दिसणं. फुलायच्या आत ते मुळासकट उपटून टाकायचे. त्या वर्षी मात्र विहिरीजवळचा एक पट्टा त्यांनी हात न लावता राखला. आणि त्याला लागूनच आईने दसऱ्यासाठी झेंडूच्या दोन ओळी लावल्या होत्या. येणारेजाणारे विचारायचे, "काय सुभेदार, औंदा गाजर गवताची लागण केली व्हय?" आप्पा म्हणायचे, "व्हय. उसावानी आडसाली हाय."

श्रावणात ते फुललं. वारा सुटायच्या आत, दव वाळत असताना, मी तोंड-नाक बांधून, डोळ्यांवर गॉगल चढवून फुलांवर कागदी पिशव्या धरायची आणि हलक्या टिचक्या मारायची. पिवळसर धूळ पिशवीच्या तळाला बसायची, चिमूटभर. आप्पांना मी घरात थांबा म्हणून बजावलं होतं. पण पाटाच्या पलीकडे, पंचा डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुंडाळून ते हजर. "डाव्या अंगाला बघ! तिकडचं फुललंय!" आणि शिंक. "वाकू नगंस, झडंल!" आणि शिंक. आपल्या शत्रूला लेकीच्या पिशवीत कैद होताना बघण्याची त्यांची हौस मी समजू शकत होते.

महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला उंदरांची खोली. भुसा, ओलसर खाद्य आणि जंतुनाशक यांचा मिळून एक वास, जो आजही माझ्या जुन्या ॲप्रनला आहे. मांडणीवर एकाखाली एक पिंजऱ्यांच्या तीन रांगा. एका रांगेतले उंदीर निरोगी, त्यांना परागाची कधी बाधाच केलेली नाही. उरलेल्या दोन रांगांना मॅडमनी परागाची ॲलर्जी जडवलेली. त्या दोहोंपैकी एका रांगेच्या नाकात औषधाचे थेंब आणि दुसरीच्या नाकात नुसतं मिठाचं पाणी. कोणती रांग कोणती हे फक्त मॅडमना ठाऊक. थेंब घालणारी मी, मोजणारीही मी, म्हणून मला ते कळू द्यायचं नव्हतं. माणूस आपल्या बाजूने कान लावतो. मॅडमनी रांगांना नावंही गावांची दिली: वाई, कडेगाव, रहिमतपूर. त्याप्रमाणे तीन बाटल्या; निरोगी रांगेच्या बाटलीतही मिठाचंच पाणी.

हिशेब सरळ होता. शेवटी तिन्ही रांगांच्या नाकाला पराग लावायचा. एकच गाव शिंकलं तर आम्ही जिंकलो. दोन शिंकली तर औषध म्हणजे नुसतं पाणी, आणि आप्पांच्या बांधावरचा हंगाम मातीमोल.

भादवा लागल्यापासून रोज थेंब. उंदराला मानेच्या सैल कातडीला धरायचं, उताणा करायचा आणि मोहरीएवढा थेंब नाकपुडीशी न्यायचा. श्वास घेतला की थेंब गेला. सुरुवातीला त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. नंतर मात्र पिंजरा उघडला की तेच नाक वर करून बघायचे. खोलीची देखभाल करणारे शिवाभाऊ त्यांना गणपतीचं वाहन म्हणायचे आणि गौरी-गणपतीत पिंजऱ्यांसमोरून जाताना हळूच हात जोडायचे. मला मनातून वाटायचं, कडेगाव ही रांग औषधाची निघावी. गावचा अभिमान, दुसरं काय. कडेगावच्या उंदरांशी मी जरा जास्तच प्रेमाने बोलायची.

आणि मग आली खंडेनवमी.

आमच्या भागात त्या दिवशी जो तो आपल्या हत्यारांची पूजा करतो. शेतकरी नांगराची, गवंडी थापीची, ड्रायव्हर ट्रकची. प्रयोगशाळेतही हे चुकत नाही. सूक्ष्मदर्शक पुसला जातो, वजनकाटा पुसला जातो, हळदकुंकू लागतं. मॅडम म्हणायच्या, "पूजेचं पुण्य मला माहीत नाही, पण आपल्याकडे यंत्रांवरची धूळ वर्षातून याच दिवशी निघते." आईने कडेगावहून एसटीत झेंडूची पाटी पाठवली होती. सकाळभर बसून आम्ही माळा केल्या. मॅडमनी शिवाभाऊंना ताकीद दिली, "उंदरांच्या खोलीत फूल नाही, उदबत्ती नाही, गुलाल नाही."

"न्हाई मॅडम. उंबऱ्याच्या आत पाकळी पडणार न्हाई," शिवाभाऊ म्हणाले. आणि त्यांनी शब्द पाळला.

दसऱ्याला सुट्टी असली तरी उंदरांना थेंब हवेतच. सकाळी मी खोलीचं दार उघडलं आणि जागीच थिजले. झाकलेल्या कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. उंदराची शिंक म्हणजे किती, टिच् एवढीच. पण खोली टिच् टिच् करत होती. अजून चाचणीचा दिवस आला नव्हता, कुणाच्या नाकाला पराग लावलेला नव्हता. माशी कुठे शिंकली म्हणून मी भुसा बघितला, खाद्य बघितलं, बाटल्या हुंगल्या. शिवाभाऊ मागच्या बाजूला होते, त्यांना हाक मारायला गेले आणि कोडं उलगडलं.

भिंतीवर जिथून पंखा बाहेरची हवा आत ओढतो, त्या जाळीला झेंडूची घसघशीत माळ. जाळीमागची गाळणी धुऊन, कुंकवाचं बोट लावून, कट्ट्यावर वाळत घातलेली.

"शिवाभाऊ, हे काय?"

"आत कुठं लावलंय? भाईर हाय की," ते म्हणाले. "दिसरात राबतंय ते यंत्र. सगळ्यांस्नी माळ, त्येला येक नगं व्हय? आन् पूजा म्हणल्यावर गाळणी बी घासून काढली."

माळ कुठली, तर आमच्या विहिरीजवळच्या ओळींतली. गाजर गवताच्या पट्ट्याला खेटून वाढलेली, दोन महिने त्याचा पराग अंगावर घेतलेली. वर झेंडू आणि गाजर गवत एकाच कुळातले. गाळणी उन्हात, माळ जाळीवर, आणि पंखा रात्रभर इमानेइतबारे ती धूळ आत ओढत होता. आप्पांनी गवत राखलं, आईने फुलं धाडली, शिवाभाऊंनी यंत्राचा मान राखला, आणि सगळ्यांनी मिळून माझा प्रयोग बुडवला. मी माळ ओरबाडून काढली, गाळणी बसवली, मॅडमना फोन केला आणि खोलीत परत येऊन जमिनीवर बसून रडले. हे उंदीर गेले तर नवे वाढवायचे, बाधा करायची, थेंब घालायचे, तोवर फुलं संपलेली. म्हणजे एक वर्ष. आप्पांचं अजून एक वर्ष खिडकीमागे.

रडण्याचं एक बरं असतं, ते संपतं. ते संपल्यावर खोलीत फक्त शिंका उरल्या. मी ऐकत राहिले. मग उठून वरच्या रांगेला कान लावला. वाई. भुसा खसखसत होता, बाकी काही नाही. खालची रांग रहिमतपूर. दोन उंदीर निवांत झोपलेले. मधल्या रांगेत मात्र जो तो पुढच्या पायांनी नाक चोळतोय आणि टिच्, टिच्, टिच्. कडेगाव. तिन्ही रांगांना एकच हवा, एकच पंखा, आणि शिंकत होतं एकच गाव.

पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच.

दुपारी मॅडम आल्या, वाईहून थेट, दसऱ्याच्या पैठणीवर ॲप्रन चढवून. मी दारातच सांगायला लागले तशी त्यांनी हात वर केला. "मोजलंस?"

"नाही."

"मग ते झालंच नाही. कानावर पडलं, एवढंच." पण त्या आत आल्या, मांडणीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. जाताना फक्त म्हणाल्या, "तुझ्या गावचे फारच शिंकतात गं." शिवाभाऊ कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या हातात मॅडमनी सोनं म्हणून आपट्याची पानं ठेवली आणि सांगितलं, "पुढच्या वर्षी पंख्याला नुसतं कुंकू." शिवाभाऊंचे डोळे भरून आले.

जे घडलं ते जसंच्या तसं नोंदवायचं, उंदरांना विसावा द्यायचा, ठरलेली चाचणी घ्यायची, आणि निकाल काहीही लागो, पुढे नव्या उंदरांवर सगळं पुन्हा करायचं, असं ठरलं. चाचणीच्या दिवशी मॅडमनी पिंजऱ्यांच्या जागा बदलल्या आणि नावांच्या पाट्यांवर कागद चिकटवले, म्हणजे मला ओळखू येऊ नये. मी एकेका उंदराच्या नाकाला पराग लावला, घड्याळ लावलं आणि मोजत बसले. शिवाभाऊ बाहेर उंबऱ्यावर होते, श्वास रोखून. एका रांगेने मोहरीसारखं तडतडायला सुरुवात केली. दुसरी गप्प. तिसरीकडून कधीतरी एखादी चुकार शिंक, तेवढीच. संपलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काढ कागद."

तडतडणाऱ्या रांगेचा कागद काढला. कडेगाव. गप्प रांग रहिमतपूर. आणि ती चुकार शिंकवाली, वाई.

"रहिमतपूर निरोगी," मॅडम म्हणाल्या. "कडेगावला मिठाचं पाणी." आणि मग पहिल्यांदाच त्यांना हसू आवरलं नाही. "औषध वाईला." वाईचं नाक त्या दिवशी असं वर गेलं की अजून खाली आलेलं नाही.

या विजयाला एक किंमत असते, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उंदरांच्या नाकात आतून काय बदललं हे बघायचं तर उंदीर उरत नाही. त्या दिवशी शिवाभाऊंनी रजा घेतली. मी नाही घेऊ शकले. नंतर काचपट्टीवर दोन्ही नाकांचे काप शेजारीशेजारी ठेवून पाहिले. कडेगावच्या नाकात सुजलेली गर्दी, वाईच्या नाकात शांतता. मॅडमनी मला बाजूला करून पाहिलं, मग पुन्हा मला पाहू दिलं. कितीतरी वेळ आम्ही दोघी आळीपाळीने त्या शांततेकडेच बघत होतो. पुढे नव्या उंदरांवर, माळेशिवाय, पुन्हा सगळं केलं. तेच आलं.

आप्पांना अजून औषध नाही. आता दुसऱ्या जनावरांवर ते सुरक्षित आहे का हे बघणं चालू आहे, पुढची वाट लांब आहे. काल घरी पोचले तर आप्पा दारात नव्हते. भावकीतल्या कुणाच्या तरी नव्या विहिरीची पूजा होती, तिकडे गेलेले, तेही ऐन शिंकांच्या दिवसांत. मी धावतच गेले. गर्दीत पुढे आप्पा, हातात नारळ. हात वर गेला आणि शिंक आली. दणदणीत. लोक क्षणभर थबकले. मग तोच ट्रॅक्टरवाला चुलतभाऊ म्हणाला, "फोडा आप्पा, फोडा. सरकारी शिंक हाय ती, तिच्यावर संशोदन चालू हाय!" सगळे हसले आणि नारळ आप्पांच्याच हातून फुटला. पाण्याचे शिंतोडे माझ्या तोंडावर आले.

तिथे उभी असताना मला चाचणीच्या दिवसाचा शेवट आठवला. कागद निघाले होते, मॅडम हसल्या होत्या, शिवाभाऊ आत येऊन वाईच्या रांगेला हात जोडत होते. मी तिथूनच आप्पांना फोन लावला. काही न सांगता तो स्पीकरवर टाकून वाईच्या पिंजऱ्यांपाशी धरला.

"आप्पा, ऐका."

"काय ऐकू? काय बी येत न्हाई. रेंज गेली काय गं?"

"रेंज हाय. वाईला पराग लावलाय, औषदवाल्या उंदरांस्नी. ऐका."

पलीकडे आप्पांनी कान लावला. इकडे भुसा खसखसला. एक शिंक आली असती तरी मला चाललं असतं, पण ती आली नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, जड, अडकत अडकत घेतलेला. नाक चिमटीत धरून बसले होते ते. वाईची शांतता आपल्याकडून मोडू नये म्हणून, आश्विनातली आपली शिंक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धरून ठेवली होती.

"लय झ्याक वाजतंय, पोरी," ते कसेबसे म्हणाले. आणि मग त्यांना धरवलं नाही. फोन हादरेल अशी शिंक खोलीभर घुमली. उंदीर दचकून भुशात शिरले. मॅडमनी मान वर करून विचारलं, "कडेगाव का?"

"हो मॅडम," मी म्हटलं, "कडेगावच. आता या कडेगावचा नंबर."